बगळेराजा कुठे आहे

नासारिया तुयूब माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमची घरं मेक्सिकोतल्या तिशमुल गावात एकाच गल्लीत, आणि पुढे कामही एकाच जागी, गावाबाहेरच्या जुन्या देवळांपाशी. मी तिकीटखिडकीत बसायचो, ती आलेल्या लोकांना दगड दाखवायची. अशी बावीस वर्षं गेली. डॉन अन्सेल्मो इराओलावर, डॉन म्हणजे आमच्याकडचे शेठजी, तिने सूड कसा उगवला हे वायादोलिद शहरात पाच-सहा तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं करणी केली, कुणी म्हणतं जेवणातून काहीतरी घातलं. तसलं काही नाही. तिने फक्त लोकांना एक प्रश्न विचारायला पाठवलं.

तिचे वडील दोनासियानो. मक्याचं शेत होतंच, पण परदेशी विद्वान खणायला आले की ते कुदळ घेऊन त्यांच्याकडे रोजाने जायचे. हात असा हलका की कुदळ कुठे थांबवायची ते नुसत्या आवाजावरून कळायचं. चुकले ते एकदाच. एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी माणूसभर उंचीचा कोरीव दगड निघाला. त्यावर मांडी घातलेला राजा आणि राजाच्या डोक्यावर चोच उघडलेला बगळा. कुदळ राजाच्या डाव्या गुडघ्याला लागली नि कपचा उडाला. विद्वान खूप ओरडले. दोनासियानो दोन दिवस जेवले नाहीत. गाव मात्र खुशीत होतं. आम्ही त्याला साकबोक म्हणू लागलो, आमच्या भाषेत पांढरा बगळा. बायका त्याच्यापुढे फुलं ठेवून यायच्या.

पावसाच्या तोंडावर विद्वान परत गेले. दगडावर माडाच्या झावळ्यांचं छप्पर घातलं आणि राखणीला दोनासियानोंना बसवलं.

देवळांच्या पलीकडची सगळी जमीन इराओलांची. डॉन अन्सेल्मोच्या आजाने तिथे घायपाताची लागवड करून पैसा केला, आणि त्या घायपाताखाली आमच्या आज्यांच्या पाठी मोडल्या. पुढे घायपात गेलं, पैसा गेला, पण वायादोलिदमधला कमानींचा पिवळा वाडा राहिला आणि अंगातली मालकी राहिली. मे महिन्यात गावची जत्रा. सगळं गाव बैलांचा खेळ बघायला चौकात जमलेलं. भर दुपारी इराओलांचा मुकादम दोनासियानोंकडे आला आणि म्हणाला, मालकांची दोन गुरं रानात शिरलीत, शोधून आण. मालकांचं काम, नाही कोण म्हणणार. ते गेले.

तेरा वर्षांची नासारिया बापाचं जेवण घेऊन तिथे पोचली तेव्हा चार माणसं साकबोकला गादीत गुंडाळून ट्रकवर चढवत होती. डॉन अन्सेल्मो पुढे बसून संत्रं सोलत होता. त्याने तिला पाहिलं. घाबरला नाही की काही नाही.

"कुणाची गं तू?"

"दोनासियानो तुयूबची."

"शहाणी दिसतेस. घे."

अर्धं संत्रं तिच्या हातात आलं. ट्रक निघून गेला. आणि तिने ते खाल्लं. ऊन होतं, तहान लागली होती, मालकाने दिलं होतं. ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती, आणि सांगताना तिने मान दुसरीकडे वळवली होती.

तीन दिवसांनी पोलीस आले. राखणदार तूच, दगड तूच विकलास, असं सरळ गणित त्यांनी मांडलं. नासारियाने पाहिलेलं सगळं सांगितलं, पण तिला तेव्हा फक्त आमची माया भाषा यायची, आणि तिचं बोलणं स्पॅनिशमध्ये करून सांगायला बसवला होता तो इराओलांचाच कारकून. ती ट्रकचं सांगत होती, मालकाचं सांगत होती. कारकून साहेबाला म्हणाला, "पोरगी म्हणते, तिला काही दिसलं नाही." ते वाक्य काय होतं हे तिला दोन वर्षांनी, स्पॅनिश यायला लागल्यावर कळलं.

दोनासियानो तीन वर्षं मेरिदाच्या तुरुंगात होते. परत आले ते छातीत खोकला घेऊन. त्याहून वाईट गावाने केलं. आमच्याकडे पाऊस लांबला की सगळे पुरुष रानात जमतात, मक्याच्या जाड रोट्या जमिनीतल्या भट्टीत भाजतात आणि पावसाच्या देवांना नैवेद्य देतात. त्या वर्षी दोनासियानोंना कुणी बोलावलं नाही. साकबोक विकणाऱ्याच्या हातची रोटी देव घेणार नाहीत असं ठरलं. ठरवणाऱ्यांत माझा बाप होता, हे लपवून काय करू. दोनासियानो दारात पाटावर बसून रानातून उठणारा धूर बघत राहिले. पुढच्या वर्षी ते गेले.

नासारियाच्या पदरात आई आणि पाच वर्षांचा भाऊ वेन्सेस्लाओ. आईबरोबर झोपायचे झुले विणायचे आणि देवळांपाशी नेऊन विकायचे. गिऱ्हाईक कुठलंही असो, त्याच्याकडून चार शब्द उचलल्याशिवाय ती सोडायची नाही. इंग्रजी अशीच आली, थोडी फ्रेंचही. लग्नाला दोघेजण विचारून गेले. दोघांनाही तिने विचारलं, "माझ्या बापाला तू चोर समजतोस का?" पहिला म्हणाला, जाऊ दे ना ते जुनं. दुसऱ्याने उत्तर द्यायला वेळ लावला. विषय संपला. एकतिसाव्या वर्षी ती परीक्षा देऊन सरकारी परवान्याची गाइड झाली. आमच्या गावात बाई गाइड पहिलीच.

सुरुवातीची तीन वर्षं ती साकबोकच्या रिकाम्या ओट्यापाशी यायची, इथे एक दगड होता, चोरीला गेला, एवढंच सांगायची आणि पुढे सरकायची. मग एके दिवशी एका प्रवासी बाईने तिला सांगितलं, "वायादोलिदमध्ये आम्ही एका सुंदर जुन्या वाड्यात उतरलो होतो. तिथले वृद्ध मालक रोज सकाळी कमानीखाली बसतात. तुमच्या पुराण्या वस्तूंवर किती प्रेम हो त्यांचं. बोलताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

डॉन अन्सेल्मोने वाड्याचं हॉटेल केलं होतं. आम्हाला ठाऊक होतं, कारण वेन्सेस्लाओ तिथेच वाढप्याचं काम करायचा. पण ते डोळ्यांतलं पाणी नासारियाला ठाऊक नव्हतं.

ती माझ्या खिडकीशी आली. चेहरा शांत होता. म्हणाली, "फेर्मिन, तो रडतो म्हणे."

"कोण?"

"मालक. साकबोकच्या भाऊबंदांसाठी. बघ आता मी त्याला रडायला कारण देते."

दुसऱ्या दिवसापासून तिने ओट्यापुढे थांबून सगळी हकीगत सांगायला सुरुवात केली. बापाची कुदळ, गुडघ्याचा कपचा, ट्रक, गादी, तुरुंग. चोराचं नाव मात्र घ्यायची नाही. शेवटी हसून म्हणायची, "वायादोलिदला जाल तर चौकाच्या दक्षिणेला कमानींचा पिवळा वाडा आहे. सकाळी तिथे एक म्हातारे गृहस्थ कॉफी पीत बसतात. त्यांना एवढंच विचारा, बगळेराजा कुठे आहे? त्यांना माहीत आहे."

लोक विचारायचे. का नाही विचारणार? सहलीला आलेल्या माणसाला असं काही मिळालं की त्याला खेळातला पुढचा डाव मिळाल्यासारखं वाटतं. रोज दोन, कधी पाच, हंगामात वीस-वीस माणसं त्या कमानीखाली जाऊन, टोपी काढून, आदबीने विचारायची. जर्मन विचारायचे, जपानी विचारायचे, मेक्सिको शहरातून आलेली नवपरिणीत जोडपी विचारायची. वेन्सेस्लाओ घरी येऊन सांगायचा. पहिल्या महिन्यात डॉन अन्सेल्मो म्हणायचा, "कोणता राजा बुवा?" मग नुसता हसायचा. मग हसणं थांबलं. पुढे कॉफीचा पेला बशीवर आपटायला लागला. वर्षभराने त्याने कमानीखाली बसणं सोडलं आणि आतल्या अंगणात खुर्ची नेली. लोक अंगणात गेले. मग व्यवस्थापकाने गल्ल्याशेजारी पाटी लावली: मालकांना बगळ्यांविषयी विचारू नये. झालं. जे आमच्याकडे आलेच नव्हते तेही विचारायला लागले, की बगळ्यांची काय भानगड आहे.

पाटीचं ऐकून नासारिया इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी तिला तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

मग तिकडून हालचाल सुरू झाली. आधी इराओलांचा वकील आला, गोड बोलून गेला. मग वरच्या कचेरीत तक्रार गेली की ही बाई प्रवाशांना खोटंनाटं सांगते, आणि तिचा परवाना आठ महिन्यांसाठी काढून घेतला. आठ महिने ती फाटकाबाहेर झुले टांगून बसली आणि झुला बघायला थांबणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीगत सांगत राहिली. मी खिडकीतून ऐकायचो. एकही शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

त्यानंतर वेन्सेस्लाओला हॉटेलातून काढलं. इतकी वर्षं त्याचं आडनाव कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तुयूब आमच्याकडे घरोघर आहेत. कुणीतरी चुगली केली. तो सरळ देवळांपाशी आला, वाढप्याचा पांढरा सदरा अंगात तसाच. मी जवळच उभा होतो.

"कीक," तो म्हणाला. आमच्यात मोठ्या बहिणीला कीक म्हणतात. "माझं काम गेलं."

"दुसरं मिळेल."

"कुठे? इराओलांनी काढलेल्याला वायादोलिदमध्ये कोण ठेवतं? माझी तीन पोरं आहेत."

"त्यांच्या घरची ताटं उचलताना तुला काही वाटत नव्हतं?"

"वाटायचं. जड आहेत."

मग तो म्हणाला, "तात गेले तेव्हा मी लहान होतो. मला फक्त त्यांचा खोकला आठवतो. त्या खोकल्यापायी मी पोरांना उपाशी ठेवू? तू थांब आता. बारा वर्षं झाली. म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटतो परका माणूस दिसला की. आणखी काय पाहिजे तुला?"

"घाम माझ्या बापालाही फुटायचा. रात्रभर. तू शेजारीच झोपायचास."

"मला आठवत नाही म्हणतोय ना."

"म्हणून तर मी आठवते," ती म्हणाली. "जा तू."

तो गेला, बायकापोरांना घेऊन कानकुनला. तिथे त्याला मोठ्या हॉटेलात काम लागलं, चांगलं चाललं असं ऐकलं. आई वारली तेव्हा तो आला, तिला खांदा दिला आणि बहिणीशी न बोलता दुपारच्या बसने परत गेला. मी नासारियाला म्हटलं, एक फोन कर. ती म्हणाली, "काय सांगू? थांबले म्हणून सांगू? थांबलेली नाही मी."

दोन हजार नऊ सालच्या मार्चमध्ये, शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधी, माझ्या खिडकीशी एक काठी टेकली आणि एका म्हाताऱ्या आवाजाने तिकीट मागितलं. पांढरा कडक सदरा, वेताची टोपी. सतरा वर्षं ज्याच्याबद्दल रोज ऐकलं त्याला मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. वय एक्याऐंशी, पण डोळे स्वच्छ, बोलणं स्पष्ट. बरोबर फक्त ड्रायव्हर होता, त्यालाही त्याने गाडीपाशीच थांबवलं.

"त्या बाई आहेत का आज?" त्याने विचारलं.

"दहा वाजताच्या तुकडीबरोबर निघताहेत."

"मलाही त्याच तुकडीत घाला."

मी खिडकी बंद केली आणि मागोमाग गेलो. असं मी कधी करत नव्हतो.

अकरा माणसं होती, बारावा तो. नासारियाने त्याला पाहिलं. आवाजात काडीचाही फरक पडला नाही. पहिली टेकडी दाखवली, चेंडूच्या खेळाचं मैदान दाखवलं, पाण्याची खोल गुहा दाखवली. पायऱ्यांपाशी तो दमला तर तिने सगळ्यांना थांबवलं आणि त्याला सावलीत बसायला सांगितलं. मग ओट्यापुढे उभी राहिली आणि सुरू झाली. तो काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. दोनासियानो दारात बसून धूर बघत होते हे आलं तेव्हा एका प्रवासी बाईने डोळे पुसले. त्याने नाही पुसले.

शेवटी नासारिया म्हणाली, "नेहमी मी लोकांना वायादोलिदला जाऊन विचारायला सांगते. आज तुमचा हेलपाटा वाचला. ते गृहस्थ इथेच आहेत."

अकराच्या अकरा माणसं वळली. कुणालाच काय करावं कळेना. शेवटी मघाशी डोळे पुसणारी बाई हळूच म्हणाली, "बगळेराजा कुठे आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. नासारियाला म्हणाला, "तुमच्याशी बाजूला बोलायचंय."

"इथेच बोला, मालक. माझी बाजू हीच."

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "विकला. त्याच वर्षी. न्यू ऑर्लिन्समधल्या एका डॉक्टरला. नाव सांगतो, लिहून घ्या. कागदसुद्धा आहेत माझ्याकडे, पाठवतो. माझ्या नातीचं लग्न आहे वाड्यात. पाहुणे येणार आहेत. मला ते एक वाक्य पुन्हा ऐकायचं नाही. तुम्हाला दगड हवाय ना? घ्या, झालं."

"आणि माझा बाप?"

"कोण तुमचे वडील?"

तो नाटक करत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. राखणदार होता कुणीतरी, एवढंच त्याच्या लेखी.

नासारिया एक पाऊल पुढे आली. म्हणाली, "तुम्ही मला विचारलं होतं, कुणाची गं तू. मी नाव सांगितलं होतं. तुम्ही मला अर्धं संत्रं दिलंत. म्हणा माझ्यामागून, दोनासियानो तुयूब."

"बाई—"

"म्हणा."

"दोनासियानो तुयुप."

"तुयूब. शेवटी ब."

तीन वेळा म्हणायला लावलं तिने. तिसऱ्यांदा त्याला नीट जमलं. मग ती म्हणाली, "आता म्हणा, त्याने चोरी केली नाही, मी केली."

तेही तो म्हणाला, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तुकडीतल्या एका माणसाच्या फोनमध्ये सगळं टिपलं जात होतं हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

"झालं?" डॉन अन्सेल्मोने विचारलं. "आता थांबवाल?"

"मी कुठे कबूल केलं थांबवेन म्हणून?"

त्या क्षणी तो मला पहिल्यांदा म्हातारा दिसला. त्याने घाम पुसायला टोपी काढली, ती खाली पडली. ती उचलून मी त्याला दिली आणि धरून गाडीपर्यंत नेलं. वाटेत तो मला एवढंच म्हणाला, "फार कठोर बाई आहे." मागे नासारिया पुढच्या तुकडीला हाका मारत होती.

नातीच्या लग्नाला वाड्यात जे पाहुणे आले त्यांतल्या सात जणांनी आदल्या दिवशी आमची देवळं पाहिली होती. सातही जणांनी मांडवात नवरीच्या आजोबांना विचारलं.

फोनमधली चित्रफीत सरकारदरबारी पोचली. चौकशी लागली, पण ती पुरी व्हायच्या आत, दीड वर्षाने, डॉन अन्सेल्मो मेला. आमच्याकडची सगळी माणसं मोठ्या चर्चमधल्या प्रार्थनेला गेली, कारण मालक तो मालक. नासारियाही गेली. भरतकामाचा नवा पांढरा झगा घालून मधल्या रांगेत बसली. कुणीतरी कुजबुजलं, माफ केलंस वाटतं. ती म्हणाली, "खात्री करायला आले."

डॉक्टरच्या वारसांनी दगड दोन हजार तेरा साली परत केला. तो आमच्या ओट्यावर आला नाही, मेरिदाच्या संग्रहालयात गेला. आम्ही दोघं बसने बघायला गेलो. तिने डावा गुडघा पाहिला, कपचा उडाल्याची खूण पाहिली, आणि पाच मिनिटांत बाहेर पडली. मला वाटलं होतं रडेल. बाहेर तिने तिखट लावलेला काकडीचा पेला घेतला आणि उकाड्याला शिव्या घातल्या.

दोनासियानो निर्दोष असल्याचा सरकारी कागदही आला. त्यावर आडनाव तुयू लिहिलेलं. तिने तो परत पाठवला. दुरुस्त कागद यायला अकरा महिने लागले. त्याची एक प्रत तिने कानकुनला धाडली. तिकडून उत्तर आलं नाही. पोचही आली नाही. महिनाभर ती टपालवाल्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसायची, विचारलं तर म्हणायची, इथे वारा बरा आहे.

त्या पावसाळ्याआधी गावची वडीलधारी मंडळी तिच्या दारी आली. त्यांत मीही होतो, माझ्या बापाच्या जागी. आम्हाला रानातल्या पूजेत दोनासियानोंचं नाव घ्यायचं होतं, चूक झाली म्हणायचं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, बसायला सांगितलं नाही.

"नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "तो दारात बसून धूर बघत होता तेव्हा तुमच्यातला एक माणूस हाक मारायला आला असता तर मी आज तुमच्या पाया पडले असते. आता पाऊस मागा, नाव मागू नका."

त्यानंतर ती माझ्याशीसुद्धा चार महिने बोलली नाही.

आता तिचं काम सुटलंय. अंगणात टर्की पाळते, झुले विणते. नवे गाइड ओट्यापाशी तीच हकीगत सांगतात, चोराचं नाव घेऊन सांगतात. ते तिनेच त्यांना घोटून पाठ करून दिलंय. वाड्याचं हॉटेल नातीने विकलं. नव्या मालकाचा आणि आमचा काही संबंध नाही, तरी लोक तिथे जाऊन विचारतातच.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे दुपारी गेलो होतो. ती सुतात गाठी मारत होती. मी विचारलं, "राग गेला का गं आता?"

"नाही," ती म्हणाली. "का जावा?"

मी म्हटलं, माणूस मेला, दगड आला, कागद आला.

"वेन्सेस्लाओ नाही आला," ती म्हणाली. मग तिने सुताची एक गाठ घट्ट ओढली. "तोही त्यांनीच नेला. ते कुणाच्या हिशेबात आलं नाही. मीच दिला असेन म्हणतोस? असेल. ते माझं मी बघीन."

एवढं बोलून ती उठली आणि टर्कींना मका घालायला गेली. जाताना मला म्हणाली, चुलीवर घेवडा शिजतोय, खाली लागला तर हलव.